पोरांच्या संध्याकाळच्या वर्गासाठी गावातून पैसा उभा करताना ठेवलेल्या नोंदी

जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातलं आमचं गाव, खाली तापी, वर सातपुडा, मधे कापूस आणि केळी. मी गावच्या वाचनालयाचं काम बघतो. शाळा सुटल्यावर पोरांसाठी दोन तासांचा वर्ग चालवायचा आणि त्याचा खर्च गावानेच उचलायचा असं आम्ही काही जणांनी ठरवलं, त्याच्या या नोंदी. कसं शिकवायचं ते यात सापडणार नाही, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. हे फक्त पैशाचं आणि माणसांचं. नावं मुद्दाम कुणाची टाकली नाहीत, गावात राहायचंय.

१५ जून २०२४, शनिवार

आज शाळा भरली. जिल्हा परिषदेची शाळा पाचला सुटते, आया शेतातून दिवेलागणीला येतात, आणि बाप केळीच्या गाड्या भरायला गेला असेल तर त्याचा काही नेमच नाही. मधले दोन-अडीच तास पोरं पारावर, सहा पोरं आणि एक मोबाईल. सुट्टीत वाचनालयात पोरांना सहज वाचायला बसवलं होतं तर पाचवीतली बरीच पोरं दुसरीच्या पुस्तकातल्या उताऱ्याला अडखळत होती, हातच्याच्या वजाबाकीचं तर विचारूच नका.

खर्चाचा अंदाज काढला. शिकवणारे दोघं, एक डी.एड. झालेली गावातलीच पोरगी आणि एक बी.एस्सी. करणारा पोरगा, प्रत्येकी ४,००० म्हणजे महिन्याला ८,०००. शेंगदाणे-गूळ नाहीतर फुटाणे २,०००. खडू आणि झेरॉक्स ५००. लाईट, किरकोळ ३००. एकूण १०,८००. पोरं साधारण पन्नास धरली. खाऊ कशाला, काढून टाका असं दोघांनी सुचवलं, नाही काढला. दुपारी शाळेत खिचडी खाल्लेलं पोरगं साडेपाचला उपाशीच असतं, त्याला वाचायला काय लावणार.

२३ जून, रविवार

मारुतीच्या मंदिरात पहिली बैठक. दवंडी नाही दिली, व्हॉट्सॲपवर टाकलं आणि मोजकी घरं फिरलो. माणसं बरी आली, बाया एकही नाही कारण वेळ सकाळी दहाची आणि त्या निंदणीला गेलेल्या. पुढच्या बैठका रात्री आठनंतर, हे आजच ठरलं.

बैठक एकदम जोरात झाली. एका जिनिंगवाल्या शेठने भिंतीवरचा मोठा टीव्ही कबूल केला. दोन पंखे, एक घड्याळ, एक लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, आणि एका आप्पांनी सरस्वतीची फ्रेम. सगळ्यांना वाटलं काम झालं. घरी येऊन यादी लिहिली तेव्हा दिसलं की यात शिकवणाऱ्याच्या हातात द्यायला एक रुपया नाही. म्हणजे गावाने दिलं ते सगळं नाव टाकता येईल असं दिलं. पंख्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिता येतं, मानधनावर काय लिहिणार? पुढचं वर्षभर आम्ही याच एका गाठीशी झटत होतो, म्हणून तुम्ही बैठक घेत असाल तर पहिल्याच मिनिटाला सांगून टाका की वस्तू नको, महिन्याचे पैसे हवेत. टीव्ही आम्ही नम्रपणे परत केला, शेठ नाराज झाले ते झालेच.

३० जून

पैसे ठेवायचे कुठे? कुणाच्याही खाजगी खात्यावर किंवा फोन पेवर नाही, यावर सगळ्यांचं एकमत, कारण मागे एका सप्त्याच्या वर्गणीवरून गावात जी भांडणं झाली ती अजून मिटलेली नाहीत. नवीन संस्था काढायची तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, घटना, विश्वस्त, त्यात महिने जातात. नोंदणी नसलेल्या मंडळाला नुसती वर्गणी काढायची तरी धर्मादाय कायद्याच्या कलम ४१क ची परवानगी लागते, गणपती मंडळं काढतात तीच. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात शासनाचे पैसे येतात, त्यात हे मिसळायला मुख्याध्यापक तयार नव्हते आणि त्यांचं बरोबरच होतं.

शेवटी घरातच सापडलं. वाचनालय 'ड' वर्गाचं, शासनमान्य, ट्रस्ट म्हणून नोंदलेलं, बँकेत खातं आहे, दरवर्षी ऑडिट होतं. घटना काढून बघितली तर उद्देशात 'शैक्षणिक उपक्रम राबवणे' लिहिलेलं होतं, ते ज्या कुणी तेव्हा लिहून ठेवलं त्याला नमस्कार. कार्यकारिणीतले एक नाना घाबरले, म्हणे अनुदानाच्या तपासणीत घोळ होईल. मग ठराव केला, वर्गाची वेगळी खतावणी, वेगळं पावतीपुस्तक, चेकवर दोन सह्या. तुमच्या गावात जुनं वाचनालय असेल तर आधी तिथे विचारा, नवीन संस्थेच्या नादी लागू नका.

७ जुलै

शाळेची खोली संध्याकाळी मिळवणं सोपं वाटलं होतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यातले बहुतेक आमच्या बाजूचे, ठराव झालाही. अडलं दुसरीकडे. दोन शिक्षकांना वाटलं हा त्यांच्यावर ठपका आहे, "आम्ही शिकवत नाही का मग?" हे त्यांनी तोंडावर विचारलं हे बरं झालं. आमच्या पत्रकात 'पोरांना वाचता येत नाही' असं मोठ्या अक्षरात छापलं होतं. ते काढलं आणि 'आई-बाप शेतातून येईपर्यंत पोरांचा अभ्यास' असं केलं. ते खोटंही नाही, आणि मला तर वाटतं जास्त खरं आहे, कारण पुढे ज्या बायांनी पैसे दिले त्यांनी याच कारणासाठी दिले. ५०० पत्रकं रद्दीत गेली, ६५० रुपये.

तेच दोन शिक्षक आता कोणत्या पोराला काय येत नाही त्याची चिठ्ठी देतात.

२२ जुलै, सोमवार

काल गुरुपौर्णिमा, आज वर्ग सुरू. पहिल्या दिवशी शाळेच्या ओट्यावर सगळं गाव, आठवड्यात निम्मं. चालायचंच.

वर्गणी घरटी महिना ५० रुपये. पहिल्या महिन्यात ६१ घरांनी दिली, ३,०५०. आम्ही उत्साहात ग्रुपवर यादी टाकली, नाव आणि रक्कम. दुसऱ्या दिवशी एका काकूंनी बोलावून सांगितलं की माझं नाव काढ, पन्नास दिले ते सगळ्या गावाने वाचायला नव्हते दिले. मग रकमा काढून नुसती नावं बाराखडीने लावली. तर लगेच दुसरा, "हिसाब दडावतस का काय?" दोन्ही बाजू बरोबर!

यावर निघालेली तोड अजून टिकून आहे. यादीत पावती नंबर आणि रक्कम, नाव नाही. ज्याला आपली रक्कम बघायची त्याच्याजवळ पावती असते, तो नंबर जुळवतो. शेजाऱ्याने किती दिले ते कळत नाही, पण एकूण बेरीज सगळ्यांना करता येते.

१२ ऑगस्ट, सोमवार

काल कानबाई बसली, आज विसर्जन. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी येते आणि तेव्हा सुरतेला, नाशिकला, पुण्याला गेलेली सगळी भाऊबंदकी गावात असते, दिवाळीला येणार नाहीत पण कानबाईला येतील. रोटांचं जेवण झालं की दुपारी लोक निवांत असतात, तेव्हा आम्ही सुरतेतल्या उधना-लिंबायतवाल्यांना गाठलं.

तोंडी आकडे ऐकून हरखून गेलो, पन्नास हजाराच्या वर कबूल झाले. हातात आले ९,०००. बाकी 'गेल्यावर टाकतो'. मी हे वाईट अर्थाने लिहीत नाही, सुरतेतही धंदे थंडच आहेत. पण ज्याला करायचंय त्याने कबूल रकमेवर महिन्याचं गणित बसवू नये. पावतीपुस्तक आणि खात्याचा क्यूआर कोड छापून सोबत ठेवा, जेवणाच्या पंगतीनंतर नाही तर आधी जा, नंतर झोपतात.

१५ ऑगस्ट

ग्रामसभा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात, त्यातून काहीतरी मिळावं अशी आमची मागणी. कालच्या महिला ग्रामसभेत बायांनी हा विषय लावून धरला आणि ठराव लिहून घेतला. आम्ही त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला का ते सही करायच्या आधी वाचून घ्या. एका वहिनींनी खरंच वहीत डोकं घालून वाचलं आणि 'विचार करण्यात यावा' असं होतं ते 'तरतूद करण्यात यावी' करून घेतलं. हा एक शब्द बदलला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

आज मुख्य सभेला कोरम नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी ते लागतं. झेंडावंदनाला मैदान भरलेलं, जिलबी घेऊन सगळे घरी. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, ती आठवड्याने झाली, ठराव पास.

पण ग्रामसेवक भाऊसाहेबांनी स्पष्ट सांगितलं की यातून मानधन नाही निघणार, वस्तू निघतील, तेही कोटेशन घेऊन. परत वस्तूच! १२,००० ची तरतूद झाली, फळा, सतरंज्या, पुस्तकांची रॅक. ठीक आहे, तेवढा खर्च वर्गाच्या पैशातून वाचला.

२९ ऑगस्ट

गेल्या पंधरवड्यात लाडक्या बहिणीचे जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० बायांच्या खात्यात आले. बैठकीत एकाने सुचवलं की प्रत्येकीकडून १०० मागू. बचत गटाच्या अध्यक्ष असलेल्या ताईंनी तिथल्या तिथे गप्प केलं, "तुमच्या नमो किसानच्या हप्त्यातून मागितले का कुणी?" विषय संपला. एक आजी मात्र स्वतः येऊन शंभराची नोट देऊन गेल्या.

हिशोबाचा फळा आज लावला. आधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावणार होतो, पण तिथे काम असल्याशिवाय कोण जातं? दूध डेअरीवर लावला. सकाळ-संध्याकाळ गावातलं प्रत्येक दुसरं घर किटली घेऊन तिथे रांगेत उभं असतं, फॅट लागेपर्यंत करायला काही नसतं, मग माणूस फळा वाचतो. तीन ओळी, जमा, खर्च, शिल्लक. खाली मानधन कोणत्या महिन्यापर्यंत दिलं ते. फळ्याला काळा रंग आणि लाकूड मिळून ४८० रुपये लागले, वर्षभरातला सगळ्यात वसूल झालेला खर्च हाच. पहिल्याच दिवशी एक बापू बोलले, "पैसा देसू, पन आते हिसाब कोठे वाचाना ते समजनं."

२९ सप्टेंबर, रविवार

पैसे संपले. घरटी ५० ची वर्गणी ऑगस्टमध्ये ४३ घरं, सप्टेंबरमध्ये २३. जमा १५,३५०, खर्च २७,०००. सप्टेंबरचं मानधन थकलं आणि किराणावाल्याची ३,६५० उधारी. आम्ही हे फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं, शिल्लक उणे. दोघांनी विरोध केला की गावाची लाज जाईल. जाऊ दे म्हटलं.

वर्गणी का पडली ते शोधायला फारसं डोकं लागत नाही. दर महिन्याला दारात जाणारा माणूस कंटाळतो आणि देणारा त्याहून जास्त. आणि भादव्यात शेतकऱ्याच्या घरात रोकड नसतेच. कापूस उभा आहे, खताचं-फवारणीचं देणं डोक्यावर आहे, पोळा-गणपती होऊन गेलेत. त्या वेळी पन्नास मागणं म्हणजे त्याला नाही म्हणायला लावणं, आणि एकदा नाही म्हटलं की माणूस पुढच्या महिन्यात तोंड चुकवतो.

डेअरीवर फळ्यासमोर एक जिभाऊ उभे होते, शेती मोठी, बोलणं कमी. म्हणाले, "सालदारना पगार कोनी गावमा महिना-महिना गोळा करस का?" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) धरतो तेव्हा वर्षाचा आकडा त्याच दिवशी ठरतो, मग पाऊस पडो न पडो, भाव मिळो न मिळो, तो पगार द्यायचाच असतो, त्यावर कुणी वाद घालत नाही. तुम्ही शिकवणाऱ्याचा वर्षाचा आकडा आधी ठरवा, वाटे पाडा, आणि ज्याचा वाटा त्याने पीक निघेल तेव्हा द्यावा. शिकवणाऱ्या ताईला सालदाराची उपमा कशी वाटेल म्हणून मी जरा चाचरतच सांगितलं, तर ती म्हणे सालदाराला पैसे वेळेवर मिळतात, मला चालेल.

६ ऑक्टोबर

नवीन पद्धत. दहा महिन्यांचं मानधन ८०,०००. त्याचे महिने पाडले. एक महिना ८,०००, तो एका घराने किंवा भावकीने 'घ्यायचा'. त्या महिन्यात वर्गाच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात 'हा महिना कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' किंवा 'अमुकच्या वाढदिवसानिमित्त' लिहायचं. पंख्यावर नाव टाकायची हौस असते ना, मग मानधनावरही टाकू. आधी आम्ही त्या हौशेला नावं ठेवत होतो, आता तिच्यावरच वर्ग चालतोय.

पहिला महिना गेला तो एका गंधमुक्तीत, म्हणजे मयताच्या दिवसकार्यात. घरच्यांनी पंगत आटोपती घेतली आणि ८,००० चा चेक वाचनालयाच्या नावाने दिला. हे आम्ही मागायला गेलो नव्हतो, दुःखाच्या घरी जाऊन मागायचं नाही हा नियम आधीच केलेला, त्यांच्या जावयाने फळा वाचला होता. थकलेलं मानधन त्याच दिवशी दिलं. गावातल्या महिला बचत गटांनी मिळून ५,५०० दिले, किराणावाल्याची उधारी फिटली.

१८ ऑक्टोबर

मंगळवारी विधानसभेची आचारसंहिता लागली आणि आज एका उमेदवाराचा माणूस आला. ५१,००० रोख, आजच. बदल्यात वर्गाच्या दारात छोटं बॅनर आणि एक फोटो. ५१,००० म्हणजे उरलेल्या वर्षाचं बरंचसं मानधन, आणि शिल्लक तर तुम्ही वर वाचलीच.

रात्री कार्यकारिणी बसली, बारापर्यंत वाद. आमच्यात दोन्ही पॅनेलची माणसं आहेत. एक गट म्हणे पैसा कुणाचाही असो, पोरांच्या कामी येतोय. दुसरा म्हणे उद्यापासून निम्मी पोरं येणार नाहीत. शेवटी हिशोबाच्या मुद्द्यावर सुटलं, कुणीतरी विचारलं की हे फळ्यावर काय लिहायचं? 'रोख ५१,०००, कुणाकडून' हे लिहिता येत नाही आणि न लिहिता ठेवता येत नाही. नाही म्हणून कळवलं. त्या बाजूच्या पाच-सहा घरांनी पोरं काढून घेतली, मतदान २० नोव्हेंबरला झालं तरी त्यातली दोन घरं अजून परत आलेली नाहीत. फुकटात काही सुटलं नाही, एवढं लिहून ठेवतो.

नोव्हेंबर, एकत्र लिहितोय

दिवाळीनंतर वेचणी जोरात. पोरं शनिवार-रविवार आयांबरोबर कापूस वेचायला, मोठ्या पोरी तर रोजच, हजेरी निम्म्यावर. त्यात सुरतवाल्यांचे फोन, "वर्ग चालू शे ना?" कुणीतरी रिकाम्या खोलीचा फोटो पाठवला होता. वेळ बदलली, साडेसहा ते साडेआठ. हजेरी सावरली. मग शिवारात बिबट्या दिसल्याची आवई उठली आणि आठ दिवस कुणी अंधारात पोरं सोडेना. बिबट्या कुणी पाहिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. वस्तीवरच्या पोरांना पोचवायला पालकांनी पाळ्या लावल्या, दोन बॅटऱ्या घेतल्या, ३६० रुपये.

८ डिसेंबर

या आठवड्यात काय झालं ते लिहायलाच पाहिजे. सहावीतली एक पोरगी, तिच्या बापाने खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला, कापूस दिला, ४ क्विंटल ३५ किलो, भाव ६,८००. (हमीभाव लांब धाग्याला २०२४-२५ च्या हंगामात ७,५२१ होता, पण सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत ज्याला थांबणं परवडतं तो थांबतो.) चिठ्ठीवर २९,४४० लिहिलेलं. पोरीने पाटीवर गुणाकार केला, २९,५८० आला. परत केला, तोच. बाप चिठ्ठी घेऊन गेला, व्यापाऱ्याने काही न बोलता १४० रुपये काढून दिले, बेरजेत चुकलं म्हणे.

संध्याकाळपर्यंत डेअरीवर हा फरक ५०० झाला होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात पाच हजार, आणि व्यापारी पळून गेलेला. मी दोन-तीन जणांना खरा आकडा सांगितला, कुणाला ऐकायचा नव्हता. पण जे वर्गाबद्दल सहा महिने पत्रकं वाटून पटलं नव्हतं ते या १४० रुपयांनी पटलं. आम्ही मात्र एक गोष्ट केली नाही, ती पोरगी बैठकीत उभी करायची. मागणी होती, नाही म्हटलं. एकीला उभी केली की न येणाऱ्या पोरालाही लोक उभं करतात.

याच आठवड्यात कापसाच्या पैशातली वर्गणी सुरू केली. वर्षाला एकदाच, घरटी २०० पासून पुढे, कापूस विकला की. वाटून घेतलेली गल्ली, प्रत्येक गल्लीत त्या गल्लीतलाच माणूस, शक्यतो बाई.

१२ जानेवारी २०२५

वर्गणी ८४ घरांकडून, ३१,४००. दारोदार महिन्याला पन्नास मागून तीन महिन्यांत ६,३५० मिळाले होते, ते आठवून बघा.

आज भिल्ल वस्तीतली तीन माणसं आणि एक आजी वाचनालयात आली. आम्ही वस्तीत पावतीपुस्तक नेलंच नव्हतं, हातावर पोट असलेली घरं, त्यांच्याकडे कशाला मागायचं असा आमचा चांगुलपणा. आजी सरळ बोलली, "आम्हना पोरे जातस ना तठे, मंग आम्हले काबर नही इचारं?" काय उत्तर देणार. वस्तीतून २,२४० जमले, दहाच्या-वीसच्या नोटा, एकाने तर फुटाण्याची पिशवी आणून ठेवली. आणि पैशापेक्षा मोठा फरक हा की आता कार्यकारिणीच्या बैठकीला वस्तीतले दोघं बसतात, वेळ काय ठेवायची, कुणाला पोचवायचं, हे ते सांगतात, त्याआधी आम्ही अंदाजाने ठरवत होतो.

२६ जानेवारी

ग्रामपंचायतीचा फळा, सतरंज्या, रॅक आली. ऑगस्टचा ठराव, जानेवारीत सतरंजी. यंदा जे ठराव करणार असतील त्यांनी हा वेळ धरून चालावं.

फेब्रुवारी

एका कंपनीच्या सीएसआरकडे, म्हणजे समाजकामासाठी ठेवलेल्या निधीकडे, अर्ज करून बघितला. सीएसआर-१ नोंदणी, १२ए, ८०जी, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. ऑडिट होते, बाकी नव्हतं. ८०जी आता काढायला टाकलंय कारण सुरतवाल्यांतले दोघं विचारत होते, रोखीने २,००० च्या वर दिलं तर त्यांना आयकरात सूट मिळत नाही हेही त्यांनाच ठाऊक होतं. सीएसआरसाठी मात्र महिनाभर कागद गोळा करत बसण्यात अर्थ नव्हता, तेवढ्या वेळात दोन भावकींनी महिने घेतले.

सुरतेहून मागच्या कबुलीतले १२,००० हळूहळू आले. बाकीचे येणार नाहीत, धरलेलेही नाहीत.

३० एप्रिल, आखाजी

झोके, आंब्याचा रस, पुरणपोळी, आणि रात्री पारावर बैठक, सालदार ठरतात त्याच दिवशी मुद्दाम ठेवली.

वर्षाचा हिशोब वाचला. घरटी ५० वाले ६,३५०, सुरतवाले २१,०००, बचत गट ५,५००, पाच घरांनी घेतलेले महिने ४०,०००, कापसावरची वर्गणी ३१,४००, वस्ती २,२४०. जमा १,०६,४९०. खर्च १,०१,९००. शिल्लक ४,५९०. ग्रामपंचायतीच्या १२,००० च्या वस्तू वेगळ्या. आजींची शंभराची नोट त्यांच्या सुनेच्या सांगण्यावरून बचत गटाच्या पावतीत टाकलेली, त्यावरूनही एकाने प्रश्न विचारला, म्हणजे लोक फळा वाचतात.

शिकवणाऱ्या ताईने मानधन ५,००० मागितलं, पोराने ४,५००. थोडी घासाघीस झाली, मग जिभाऊच म्हणाले की सालदाराचा पगार दरवर्षी वाढतो, हिचा काबर नही. दोघांचं मान्य झालं. म्हणजे महिना आता ९,५०० ला. जून ते मार्च असे दहा महिने ठेवलेत, त्यातले सहा आज रात्रीच गेले, ऑगस्ट कानबाईचा म्हणून सुरतवाल्यांसाठी राखून ठेवलाय. ऑक्टोबर कुणी घेत नाहीये, सगळ्यांना जानेवारीनंतरचा पाहिजे कारण तेव्हा हातात पैसा असतो. ऑक्टोबरचं मानधन शिल्लकीतून आणि कापसाच्या वर्गणीतून आगाऊ बाजूला काढायचं ठरलं, पण ४,५९० मध्ये ते बसत नाही, तेव्हा ज्यांनी उन्हाळी केळी विकलीय अशा चार घरांकडे परवा जायचंय. पावतीपुस्तकं दोन छापायला टाकली, या वेळी नंबर मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्या माणसांना डेअरीवरच्या यादीत जुळवता येत नव्हता.